मांडवीचा पूल उतरल्यावर उजवीकडे की डावीकडे?

गोव्यातल्या पर्वरीहून एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्या 29 वर्षांच्या आहेत. गणित घेऊन बी.एस्सी. आणि त्यानंतर बी.एड. झालेल्या या बाई सी-टेट म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर उत्तीर्ण आहेत आणि गेली तीन वर्षे डिचोली तालुक्यातील एका हायस्कुलात लेक्चर बेसिसवर शिकवत आहेत. यजमान वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत आणि मुलगी तीन वर्षांची आहे. एकाच आठवड्यात त्यांच्याकडे दोन नोकऱ्या चालून आल्या आहेत. पहिली पणजी शहरातील एका जुन्या, नावाजलेल्या अनुदानित हायस्कुलात आहे. तिथे आठवी ते दहावीला गणित शिकवायचे आहे, परंतु दीर्घ रजेवर गेलेल्या शिक्षिकेच्या जागी आणि एका वर्षापुरते. व्यवस्थापनाने 'पुढे बघू' असे तोंडी सांगितले आहे. दुसरी नोकरी पणजीच्या पूर्वेकडील उपनगरात, तीही अनुदानित हायस्कुलातच, निवृत्तीमुळे रिकाम्या झालेल्या पदावर आहे. तिथे पाचवी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवायचे आहे. बाई लिहितात: "सासूबाईंचे म्हणणे असे की पणजीच्या शाळेचे नाव एकदा लागले की पुढची चिंता मिटली. माझे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. ते म्हणतात, शिक्षकाने गरज असेल तिथे जावे. यजमान म्हणतात, तुला वाटेल ते कर, आणि त्यामुळे तर मला काही वाटेनासेच झाले आहे. उपनगरातल्या शाळेत बहुतेक मुले परप्रांतीय मजुरांची आहेत. एकदा तिकडे गेले तर मी कायमची मागे पडेन का?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मूळ पत्रात मागे पडण्याची भीती तीन ठिकाणी आली आहे आणि मुलांचा उल्लेख एकाच वाक्यात आहे. हा दोष म्हणून सांगत नाही. तीन वर्षे तासांच्या हिशेबाने पैसे घेऊन, दर मे महिन्यात 'पुढच्या वर्षी बोलावतील ना' या धास्तीत काढलेल्या माणसाला आधी स्वतःच्या पायाखालची जमीन दिसावी, हे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून आधी जमिनीचेच बोलू.

तुम्ही प्रश्न 'शहर की उपनगर' असा मांडला आहे. परंतु तुमच्यापुढील दोन नोकऱ्यांमधला पहिला फरक गावाचा नसून पदाचा आहे. एक पद दुसऱ्या कोणाचे आहे आणि ती व्यक्ती परत येणार आहे. दुसरे पद खरोखर रिकामे आहे. गोव्यात पहिली ते चौथीच्या शाळा मोठ्या प्रमाणावर सरकारी असल्या तरी हायस्कुले बहुतांशी खासगी संस्थांची आणि सरकारी अनुदानावर चालणारी आहेत. अनुदानित शिक्षकाची वेतनश्रेणी सरकारच ठरवते, त्यामुळे शहरातल्या शाळेत मूळ पगार अधिक आणि उपनगरात कमी असा प्रकार नसतो. मात्र अनुदानित शाळेतील नेमणुकीला शिक्षण संचालनालयाची मान्यता लागते आणि ती मान्यता पदाला मिळते, व्यवस्थापनाच्या सदिच्छेला नव्हे. 'पुढे बघू' या दोन शब्दांना कोणत्याही फाइलमध्ये जागा नसते. माझ्या उमेदवारीच्या काळात एका संस्थेने मला हेच दोन शब्द ऐकवले होते. मी दोन वर्षे बघत राहिले. रजेवरच्या बाई परतल्या आणि चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुट्टीआधी माझ्या हाती नारळ आला, तोही गणपतीपुढे ठेवायचा नव्हे.

रिकामे पद म्हणजे निर्धोक पद, असेही मात्र समजू नका. शाळेत शिक्षकांची पदे किती, हे तुकड्यांवर ठरते, तुकड्या मुलांच्या संख्येवर ठरतात, आणि मुले घटली की शेवटी आलेला शिक्षक 'अतिरिक्त' ठरण्याची टांगती तलवार डोक्यावर येते. त्यामुळे दोन्ही शाळांत एकच आकडा विचारा: गेल्या पाच वर्षांत पाचवीत दरवर्षी किती मुले दाखल झाली? हा आकडा सांगताना मुख्याध्यापक अडखळले, किंवा दहावीच्या निकालाकडे विषय वळवू लागले, तर काय ते समजून घ्या. दहावीचा निकाल मागे घडून गेलेले सांगतो. पाचवीचा पट तुमची पुढची दहा वर्षे सांगतो. शहरातल्या शाळेचे नाव कितीही मोठे असले तरी हा प्रश्न तिला अधिक लागू आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

पदाबाबत आणखी एकच गोष्ट. उपनगरातले पद पाचवी ते आठवीचे आहे. पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी पात्रता परीक्षेची अट 2010 पासून आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी दिलेल्या निकालाने सेवेत असलेल्या जुन्या शिक्षकांनाही, ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा उरली आहे त्यांना, ती परीक्षा उत्तीर्ण होणे भाग पडले आहे. पन्नाशीकडे झुकलेले अनेक शिक्षक आज पुन्हा बालमानसशास्त्राची पुस्तके घेऊन बसले आहेत. तुम्ही ती पायरी आधीच ओलांडली आहे आणि सी-टेटचे प्रमाणपत्र आता आजीवन वैध असते. पत्रात ही बाब तुम्ही कंसात टाकली होती. मुलाखतीत ती कंसाबाहेर काढा.

आता शहर आणि उपनगर यांच्याकडे वळू. हे शब्द आपण मुंबई-पुण्याकडून उसने घेतले आहेत आणि ते गोव्याच्या अंगाला नीट बसत नाहीत. 2011 च्या जनगणनेत गोव्याची 62 टक्के लोकसंख्या शहरी ठरली, आणि तरीही राजधानीच्या महानगरपालिकेच्या हद्दीत जेमतेम 40 हजार माणसे राहत होती. तुम्ही राहता ती पर्वरी दिसायला शहर आहे. विधानसभा तिथे, शिक्षण संचालनालय तिथे, तरी कारभार पंचायतींचा. पणजीच्या मळ्यात, फोंतायन्यासमध्ये, आल्तिनोवर घरे आहेत, पण त्यांतली कित्येक घरे म्हाताऱ्या माणसांची, कित्येक पर्यटकांच्या पाहुणघरांची आणि काही नुसतीच कुलपाची. मग शहरातल्या शाळांत मुले येतात कुठून? पर्वरीहून, ताळगावहून, मेरशी-सांताक्रूझहून, रायबंदरहून. सकाळी सातच्या सुमाराला पाटोच्या पुलाजवळ दहा मिनिटे उभ्या राहिलात तर उत्तर डोळ्यांसमोरून जाईल. बालरथ म्हणजे शाळेच्या बसगाड्या, खासगी व्हॅन, वडिलांच्या स्कूटरवर पुढे-मागे बसलेली दोन भावंडे, असे सगळे उपनगर शहरात शिरत असते. ही मुले यायची थांबली की शहरातल्या शाळेचा पट घटतो, म्हणून पाचवीचा आकडा तिला अधिक लागू आहे.

म्हणजे पणजीच्या शाळेतले मूल आणि उपनगरातल्या शाळेतले मूल अनेकदा एकाच वाड्यावरचे असते. एकाच्या घरी सकाळी त्याला पुलापलीकडे सोडायला माणूस, वाहन आणि उत्साह असतो. दुसऱ्याच्या घरी यांपैकी काहीतरी कमी असते. माझ्या मते तुमच्यापुढची खरी निवड हीच आहे. ज्यांच्या आईबापांनी शाळा निवडली त्या मुलांना शिकवायचे, की ज्यांच्या वाट्याला जवळची शाळा आली त्या मुलांना? दोन्ही मुलांना गणित लागतेच. पण दोन्हीकडे शिक्षकाचे काम एकच नाही, आणि एकीकडचा चांगला शिक्षक दुसरीकडे आपोआप चांगला ठरत नाही. हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगते.

माझी पहिली बारा वर्षे शहरातल्या शाळेत गेली आणि पुढची सतरा उपनगरात. उपनगरातल्या पहिल्या वर्षी पाचवीत एक मुलगा होता. मी तोंडी संख्या सांगून पाटीवर लिहायला लावत असे. 'एकोणतीस' म्हटले की हा 31 लिही, 'एकोणचाळीस' म्हटले की 41. आठवडाभर मी त्याच्या वहीवर लाल रेघा मारल्या आणि खोलीत येऊन सहकाऱ्यांना सांगितले की पोराचा पायाच कच्चा आहे. त्याची आई पणजीच्या बाजारात फुटपाथवर भाजी विकत असे. एका शनिवारी मी तिच्याकडून तांबडी भाजी, मुळा आणि काकड्या घेतल्या आणि हा पोरगा शेजारी पोत्यावर बसून, मी पर्स उघडेपर्यंत, हिशेब करून मोकळा झाला. 47 रुपये. मी शंभराची नोट दिली तर मोड किती द्यायची तेही त्याने आईला कन्नडमध्ये सांगितले. मी घरी येऊन मुळा चिरता चिरता विचार केला आणि मला माझीच लाज वाटली.

तुम्ही गणिताच्या आहात म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. मराठीत आपण 25 ला 'पंचवीस' म्हणतो, म्हणजे आधी पाच आणि मग वीस. कन्नडमध्ये 'इप्पत्तैदु', म्हणजे आधी वीस आणि मग पाच, इंग्रजीसारखेच. आपले 'एकोणतीस' म्हणजे तिसाला एक उणा. कन्नडमध्ये 29 म्हणजे सरळ 'इप्पत्तोंबत्तु', वीस आणि नऊ. त्या पोराला 'एकोणतीस' या शब्दात 'एक' ऐकू येत होता आणि 'तीस' ऐकू येत होता, म्हणून तो प्रामाणिकपणे 31 लिहीत होता. 'एकोण' मधला 'ऊन' म्हणजे उणे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. सांगणार कोण, मराठी मुलांना ते कधी सांगावे लागत नाही. त्याला शून्यापासून शिकवण्याची गरज नव्हती, एका शब्दाची फोड करून सांगण्याची गरज होती. ते सांगायला मला दोन मिनिटे लागली. सुचायला मात्र एक आठवडा आणि एक मुळ्याची जुडी लागली.

आणि गंमत पाहा. आपली मराठी-कोंकणी मुले चौथीपर्यंत मातृभाषेत शिकून पाचवीत इंग्रजी माध्यमात येतात, तेव्हा त्यांचाही असाच गोंधळ होतो, पण उलट्या बाजूने. 'त्रेपन्न' ऐकून 53 लिहिण्याची सवय लागलेले मूल 'फिफ्टी थ्री' ऐकले की क्षणभर थबकते. 'हातचा' चा 'कॅरी' होतो, 'अंश' आणि 'छेद' यांचे 'न्यूमरेटर' आणि 'डिनॉमिनेटर' होतात, 'लसावि' चा 'एल.सी.एम.' होतो. हुशार मूलही त्या वर्षी मुके होते. शहरातल्या शाळेत हा पूल ओलांडायला घरचे, शेजारचे, शिकवणीचे हात असतात, किंवा मूल केजीपासूनच इंग्रजीत शिकलेले असते. उपनगरातल्या पाचवीत मात्र एका बाकावर डिचोलीकडची मराठीतून आलेली मुलगी, तिच्या शेजारी कर्नाटकातल्या गदगचा, पलीकडे लमाणी बोलणारा आणि मागे बिहारहून दोन महिन्यांपूर्वी आलेला, असे चौघे बसलेले असतात. चौघांपुढे पुस्तक इंग्रजी आणि चौघांना जोडणारी एकच व्यक्ती, ती म्हणजे तुम्ही. मी पुढे त्या कन्नड मुलालाच फळ्यापाशी उभे करून 'इप्पत्तैदु' ची फोड सगळ्या वर्गाला सांगायला लावू लागले, कारण इंग्रजी संख्यांची रचना मराठी मुलांना समजावण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग निघाला. तो मुलगा त्यानंतर वर्गात ताठ बसू लागला.

तुम्ही पत्रात लिहिले आहे की प्राथमिक शिक्षण तुमचेही मराठीतूनच झाले आणि पाचवीचे वर्ष तुम्हाला अजून आठवते. बाई, उपनगरातल्या त्या पदासाठी तुमची ही पात्रता बी.एड.च्या गुणांहून मोठी आहे, आणि शहरातल्या आठवी-दहावीत तिचा उपयोग फारसा होणार नाही.

सासूबाईंचे म्हणणे मी झिडकारणार नाही. शहरातल्या जुन्या शाळेच्या नावाला वजन असते आणि ते नाकारणे म्हणजे ढोंग होईल. तिथे प्रयोगशाळेत साहित्य असते, ग्रंथालयात पुस्तके असतात, आणि मुख्य म्हणजे शिक्षकांच्या खोलीत आपल्या विषयावर वाद घालणारी दोन-तीन माणसे असतात. मी शहर सोडले तेव्हा मला सर्वांत जास्त उणीव भासली ती याच गोष्टीची. उपनगरातल्या शाळेत गणिताची मी एकटीच होते; एखादे प्रमेय दुसऱ्या रीतीने सिद्ध केले तर 'वा' म्हणायलाही कोणी नव्हते. ही एकटेपणाची झळ तुम्हालाही बसेल आणि तिसऱ्या वर्षी जास्त बसेल, कारण पहिली दोन वर्षे धावपळीतच जातात. तुम्ही पर्वरीत राहता हे त्या दृष्टीने बरे आहे. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद तुमच्या घराजवळच आहे. तिथली प्रशिक्षणे हजेरीपुरती न करता तिथे भेटणाऱ्या इतर शाळांतल्या गणिताच्या शिक्षकांचे फोन क्रमांक घेऊन ठेवा. माझी 'शिक्षकांची खोली' पुढे अशीच, चार शाळांत विखुरलेली, तयार झाली.

पण नावाच्या वजनाबरोबर शिकवण्यांचेही वजन ध्यानात घ्या. गोवा बोर्डाचा दहावीचा निकाल अलीकडे 90 टक्क्यांच्या वरच लागतो, तेव्हा निकाल चांगला लागला एवढ्यावरून शिक्षकाची परीक्षा होत नाही. शहरातल्या दहावीतील बरीच मुले दुपारी गणिताच्या ट्यूशनला जातात. मी शिकवण्याआधीच तो धडा तिथे झालेला असे. बारा वर्षे मी शंभरापैकी शंभर मिळवणाऱ्यांची नावे अभिमानाने सांगत असे. त्यांतले किती गुण माझे आणि किती त्या क्लासवाल्या सरांचे, हे मी स्वतःला कधी विचारले नाही, कारण उत्तर गैरसोयीचे होते. उपनगरात हा संशय उरत नाही. तुम्ही सोमवारी अपूर्णांक वाईट शिकवलात, तर मंगळवारी चाळीस वह्यांत तो वाईटच दिसतो, आणि तो तुमचा एकटीचा असतो. 29 व्या वर्षी शिक्षिकेला असा आरसा मिळणे मी मागे पडणे मानत नाही.

तुमच्या वडिलांच्या सल्ल्याला मात्र मला थोडी मुरड घालावीशी वाटते. गोवामुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगावी, वाड्यावाड्यावर मराठी शाळा निघाल्या आणि त्या शाळांतल्या मास्तरांना गावाने घरच्यासारखे मानले. तुमचे वडील त्याच परंपरेतले आहेत आणि त्यांच्या मनात 'गरज असलेली शाळा' म्हणजे तशी शाळा आहे. उपनगर तसे नसते. तिथे मास्तरांना नारळ-केळी आणून देणारा भाटकार, म्हणजे जमीनमालक, नसतो, आणि 'पोरावर लक्ष ठेवा' म्हणत वाटेत अडवणारी आजीही नसते. पालक खोलीत भाड्याने राहतात आणि सकाळी सातला कामावर जातात. पालक-शिक्षक संघाच्या सभेला चाळीसपैकी सात जण आले तर मुख्याध्यापक समाधानी असतात. बांधकामाची साइट हलली की कुटुंब हलते. सहामाहीनंतर एके दिवशी बाक रिकामा दिसतो आणि मूल कुठे गेले ते वर्गात कोणालाच माहीत नसते. सेवाभाव घेऊन गेलात तर पहिल्या वर्षीच तुमचा हिरमोड होईल, कारण सेवेची पावती देणारे तिथे कोणी नाही.

हे येणे-जाणे शिक्षण हक्क कायद्याने गृहीत धरले आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्यातही प्रवेश द्यावा लागतो आणि जुन्या शाळेचा दाखला वेळेत आला नाही म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. कागदावर हे योग्यच आहे. प्रत्यक्षात डिसेंबरमध्ये नवे मूल वर्गात येऊन बसते तेव्हा ते नेमके कुठपर्यंत शिकले आहे हे शोधण्याचे काम तुमच्या गळ्यात पडते, आणि त्यासाठी वेळापत्रकात एकही तास नसतो. त्यात 2025 पासून सहावी ते दहावीचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊ लागले आहे. ज्यांचे आईबाप उन्हाळ्यात देवाच्या जत्रेसाठी किंवा शेताच्या कामासाठी गावी जातात, ती मुले एप्रिलचे पहिले धडे हमखास चुकवतात आणि जूनमध्ये जणू नव्यानेच दाखल होतात. गणितात पहिला धडा चुकला की काय होते ते तुम्हाला सांगायला नको. मी एप्रिलमध्ये शिकवत असते तर नवा घटक सुरूच केला नसता. मागच्या वर्षाची उजळणी आणि मोजमापे यांतच महिना घालवला असता. तुम्हाला तेवढी मोकळीक मिळेल का, हे मुख्याध्यापकांना विचारण्याजोगे आहे. वर्गातील मुलांची संख्याही विचारा. कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी 35 मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण आहे.

'परप्रांतीय मजुरांची मुले' हे शब्द तुम्ही सहज लिहिले असतील, पण शाळेत पाऊल ठेवण्याआधी ते शब्द घरीच ठेवून जा. त्या मुलांपैकी अनेकांचा जन्म इथल्याच, बांबोळीच्या इस्पितळात झालेला असतो आणि ती आपसांत कोंकणीत भांडतात. चवथीच्या दिवसांत घरमालकाच्या माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या आराशीसाठी, रानफळे आणायला तीच पुढे असतात. त्यांचे प्रांत त्यांच्या आजोबांचे आहेत.

प्रवासाचे थोडक्यात सांगते, कारण तो तुमच्या बाबतीत निर्णायक नाही. पर्वरीतील उन्नत मार्गाचे काम सुरू झाल्यापासून सकाळची कोंडी दोन्ही शाळांना सारखीच भोवेल. पूल उतरल्यावर मात्र उजवीकडे वळून शहरात शिरणे आणि वाहन लावायला जागा शोधणे हा रोजचा वेगळा उपद्व्याप आहे. उपनगराकडे जाताना मांडवीवरच्या अटल सेतूवरून शहर टाळून थेट मेरशीच्या बाजूला उतरता येते. तुम्ही स्कूटर चालवत असाल तर त्या सेतूवर जाता येत नाही हे विसरू नका. दुचाकींना तिथे मुळात मनाईच आहे, तेव्हा जुन्या पुलानेच जावे लागेल किंवा बस धरावी लागेल. मुलगी तीन वर्षांची आहे. तिला सकाळी कोण सांभाळणार, हा प्रश्न दोन्ही नोकऱ्यांत तोच आहे. तो यजमानांपुढे ठेवा, कारण 'तुला वाटेल ते कर' म्हणणाऱ्याने निदान सकाळच्या दीड तासाची जबाबदारी घ्यायला हरकत नसावी.

आता माझे मत. उपनगरातले पद मान्यतेसह, पूर्ण वेळ आणि नियमित वेतनश्रेणीत मिळत असेल, तर ते घ्या. केवळ मुलांसाठी म्हणून घ्या असे मी म्हणणार नाही, तुमच्यासाठी घ्या. सहावीच्या मुलाला गणित का कळत नाही हे ज्याला समजले, त्याला दहावी शिकवणे पुढे अवघड जात नाही. उलट्या दिशेने गेलेल्या माझ्यासारखीला मात्र बारा वर्षांचे पाठांतर विसरावे लागले. शहरात परत घेणार नाहीत, ही भीती निराधार आहे असे मी छातीठोक सांगणार नाही, कारण नावाला भुलणाऱ्या मुलाखतसमित्या मी पाहिल्या आहेत. परंतु एका वर्षाच्या रजेच्या जागेनंतर, पुन्हा लेक्चर बेसिसच्या रांगेत उभे राहून दिलेली मुलाखत त्याहून सोपी नसते.

उपनगरातल्या शाळेनेही 'मान्यता येईल, तुम्ही रुजू व्हा' एवढेच सांगितले, तर गणित बदलते. अशा वेळी दोन्ही नोकऱ्या कच्च्याच ठरतात. मग पणजीतली वर्षभराची जागा घेऊन त्या शाळेतल्या ज्येष्ठ शिक्षकांकडून जेवढे शिकता येईल तेवढे शिकून घेणे हाच व्यवहार होईल, आणि त्यात तुम्ही कोणाचा द्रोह करत नाही. वडिलांना तसे स्पष्ट सांगा.

या आठवड्यात एक दिवस रजा काढा आणि उपनगरातल्या शाळेत मधल्या सुट्टीच्या अर्धा तास आधी पोहोचा. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन पाचवीच्या गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसा. निवृत्त झालेल्या शिक्षकाच्या जागी सध्या कोण शिकवत आहे ते पाहा, मुलांच्या वह्या चाळा आणि त्यात तपासलेल्या खुणा आहेत का तेही पाहा. मधल्या सुट्टीत पाव-भाजीच्या रांगेत मुले कोणत्या भाषेत बोलतात ते ऐका. नंतर कार्यालयात पद कशामुळे रिकामे झाले, आरक्षणाच्या बिंदुनामावलीत, म्हणजे पदांच्या आरक्षण-क्रमाच्या यादीत, ते कुठे बसते आणि संचालनालयाशी झालेला पत्रव्यवहार कुठवर आला आहे, हे विचारा. लिपिक मान वर न करता 'होईल हो' म्हणाला तर पत्राची तारीख विचारा.

पणजीच्या शाळेला नकार द्यायचा ठरला तर तो फोनवर देऊ नका. चार ओळींचे पत्र लिहा, त्यात त्यांनी दिलेल्या संधीबद्दल आभार माना आणि ते स्वतः नेऊन मुख्याध्यापकांच्या हाती द्या. चार वर्षांनी तिथे गणिताचे पद खरोखर रिकामे होईल, तेव्हा त्या पत्राची प्रत तुमच्या अर्जाला जोडता येईल.